ओठांची कड

ती कामावरून घरी आली तेव्हा टीव्हीखाली नवा डबा चमकत होता. धाकटा दीर रिमोट हातात घेऊन सोफ्यावर ऐसपैस बसला होता.

"वहिनी, जुन्या कंपनीला नारळ दिला!" तो तिच्याकडे वळून म्हणाला. "आता खरं एचडी बघा. फुलपाखराच्या पंखावरची धूळसुद्धा मोजून घ्या."

दीर एका नव्या केबल कंपनीची जोडणी विकायचा. सगळे नातेवाईक गिऱ्हाईक करून झाले होते, थोरला भाऊच तेवढा उरला होता. तोही आज गळाला लागला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कौतुकाने पडद्याकडे बघत होता. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पडद्यावर धबधबा कोसळत होता, फुलपाखरू फुलावर बसलं होतं. चित्र देखणं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. तिने पर्स ठेवली आणि रिमोटसाठी हात पुढे केला. तिच्या रोजच्या मुलाखतीच्या कार्यक्रमाची वेळ झाली होती.

कॉलेजात असताना तापात तिचे दोन्ही कान गेले होते. वाचा तेवढी शाबूत राहिली. मग ती लोकांचे ओठ वाचायला शिकली. काम करायची तेही तोंडांचंच. दातांच्या दवाखान्यांना लागणाऱ्या कवळ्या घडवायची. रोज संध्याकाळी एक मुलाखत थेट दाखवायचे. थेट असल्यामुळे खाली अक्षरांची पट्टी नसे, पण समोरासमोर दोन माणसं आणि पडदाभर चेहरा. त्या वेळात तिला कुणाची मदत लागत नसे.

मुलाखत लागली. पाहुणी म्हणून एक वैमानिक बाई आली होती. ती गप्प होती तोवर तिच्या भुवईचा केस न् केस दिसत होता. तिने तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. ओठ हलले की त्यांची कड विरघळायची, दातांच्या जागी पांढुरका डाग यायचा, हनुवटीचे चौकोन व्हायचे. जीभ दाताला लागली की टाळूला, काही कळेना.

"हे पुसट आहे," ती म्हणाली.

"पुसट?" दीर हसला. "वहिनी, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"माझे डोळे मला शिकवू नका, भाऊजी."

"अगं, नवीन आहे, होईल सवय," नवरा म्हणाला.

तिने तरातरा बाहेर जाऊन समोरचं दार वाजवलं. तिथे निवृत्त नर्सबाई राहायच्या. दोन्ही घरांनी टीव्ही एकत्रच घेतले होते, अगदी एकाच बनावटीचे. नर्सबाईंकडे अजून जुनीच कंपनी होती.

"बाई, तीच मुलाखत लावा आणि टीव्ही दाराकडे फिरवा. आवाज बंद."

नर्सबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने टीव्ही फिरवला. तिने नवऱ्यालाही घरातला फिरवायला लावला. जिन्याच्या चौकात ती मधोमध उभी राहिली. अलीकडे नवं चित्र, पलीकडे जुनं.

आधी ती नर्सबाईंच्या टीव्हीकडे वळली आणि मोठ्याने सांगू लागली. "पहिल्यांदा एकटीने विमान उतरवलं तेव्हा... पाय इतके थरथरत होते की... शिडीवर बसूनच राहिले... शिक्षक म्हणाले, बस हवं तेवढं."

ती थांबली, मग वळून आपल्या टीव्हीकडे बघू लागली. "वडील... नाही, वळण... काहीतरी... रात्री? दाती?" तिचा आवाज चिरकला. "बघितलंत? सारखाच टीव्ही, सारखीच बाई! तिथे तिला तोंड आहे, इथे नाही!"

दीर वायर नीट बसवायला म्हणून टीव्हीमागे वाकला. पाठमोराच तो काहीतरी बोलला. तिला फक्त त्याचे हलणारे खांदे दिसले. पण नर्सबाईंचा चेहरा एकदम पडला आणि नवऱ्याने नजर जमिनीकडे वळवली.

"काय म्हणाले ते?"

"काही नाही," नवरा म्हणाला.

"काही नाही?" ती इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं. "चारचौघांत तुम्ही हसता, मी विचारते काय झालं, तर काही नाही! डॉक्टर बोलतात, तुम्ही मान डोलावता, मी विचारते, तर घरी गेल्यावर सांगतो! त्या टीव्हीतली परकी माणसं तेवढी माझ्याशी धड बोलत होती. त्यांचीही तोंडं पुसलीत, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत! आत्ता सांगा. शब्द न् शब्द."

नवऱ्याने नजर वर उचलली. मग तो तिच्यासमोर आला, उजेडाकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणाला, "तो म्हणाला, बहिऱ्या माणसाला चित्राचे एवढे नखरे कशाला."

ती दिराकडे वळली. दीर उठून उभा राहिला होता, पण मान खाली घालून.

"भाऊजी, पाठ फिरवून बोलणं सोपं असतं," ती म्हणाली. "आता माझ्याकडे तोंड करून म्हणा."

 नवऱ्यानेच आत जाऊन डब्याच्या वायरी उपटल्या आणि डबा भावाच्या छातीशी टेकवला.

"दादा, अरे माझं टार्गेट..."

"खड्ड्यात गेलं तुझं टार्गेट! घेऊन जा हे." नवऱ्याचाही आवाज आता चढला होता. त्याला भावाचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दीर तणतणत जिना उतरून गेला.

जुनी जोडणी परत यायला काही दिवस गेले. तोवर ती नर्सबाईंकडे जाऊन मुलाखत बघायची. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा तो म्हणाला, "अगं, माफी मागितली ना मी."

"मागितलीत. पण राग माझा आहे, तुमच्या सवडीने जायचा नाही."

दीर बरेच दिवस फिरकला नाही. आला तो एका दुपारी, ती एकटी घरी असताना. दारातच उभा राहिला आणि दाढीत काहीतरी पुटपुटला.

"दिसलं नाही," ती म्हणाली.

त्याने तोंड वर केलं. कान लाल झाले होते. "चुकलं माझं, वहिनी."

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. राग अजून गेला नव्हता, पण दार तिने पूर्ण उघडलं. "या आत. बसा त्या खिडकीपाशी, चेहऱ्यावर उजेड येईल असे. मला अजून पुष्कळ बोलायचंय."