मीनाबाईंचे नाव

नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारावी की मारू नये, हा वाद सुशिक्षितांनी खुशाल घालावा. मीनाबाईंच्या घरात तो कधी उद्भवलाच नव्हता. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले धर्मपाल त्यांना आधी ‘अगं’ म्हणत आणि लेक जन्मल्यापासून ‘प्रियाची आई’. अलीकडे त्यांच्या डोक्यातून शेजारी गेले, सख्खा भाऊ गेला, घरचा रस्ता गेला. ही एक हाक तेवढी शाबूत होती. मीनाबाई तिच्याच आधारावर दिवस ढकलत होत्या.

लेक धम्मप्रिया बँकेत नोकरीला. तिने सात रस्ता चौकाजवळचा एक दवाखाना शोधून काढला. तिथे वृद्धांच्या स्मरणशक्तीवर प्रयोग चालला होता: कपाळाला ओले स्पंज बांधून अगदी मंद वीजप्रवाह सोडायचा आणि तो चालू असतानाच पडद्यावर चेहरे दाखवून नावे घोकून घ्यायची. डॉक्टरबाईंनी खोटी आशा लावली नाही. आजार हटणार नाही, घोकलेले थोडे अधिक टिकले तर टिकेल, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. घरच्या माणसांचे फोटो आणि नावे मात्र मागून घेतली. धम्मप्रियाने ती आधार कार्डावर असतात तशी दिली.

पडद्यावर मीनाबाईंचा चेहरा उमटला. धर्मपाल तत्काळ म्हणाले, "प्रियाची आई."

यंत्रापाशी बसलेल्या मुलीने मान हलवली. "नातं नको आजोबा, नाव सांगा."

ते गोंधळले. उत्तर चूक ठरले.

‘हे मला अशीच हाक मारतात’, एवढे मागच्या बाकावरच्या मीनाबाईंना तेव्हाच सांगता आले असते. शब्द ओठांवर आलेही होते. पण त्या माणसाच्या तोंडून आपले नाव त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. एकदा ऐकावे, अशी हाव मनात शिरली आणि त्या गप्प राहिल्या. मग रोज कपाळ चुणचुणे, आणि धर्मपाल शाळकरी पोरासारखे घोकत: मीनाबाई, मीनाबाई.

उपचार लागू पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. अखेरच्या चाचणीत एकही चेहरा चुकला नाही. रिक्षात चढताना ते "मीनाबाई, सांभाळून" म्हणाले, तेव्हा त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या.

संध्याकाळी त्यांनी भाकरी वाढली. धर्मपालांनी ताट बाजूला सारले.

"मीनाबाई, प्रियाची आई कुटं गेली?"

"मीच की ओ ती."

परक्या बाईशी हसावे तसे ते अदबीने हसले. मीनाबाईंनी मग मंद्रूप गावी झालेले लग्न सांगितले, प्रियाच्या जन्माच्या वेळी अडल्या होत्या ती रात्र सांगितली, फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेलेही सांगितले. धर्मपालांनी सगळे लक्ष देऊन ऐकले.

"हे तिनं सांगितलं व्हय तुमाला? लई बोलती ती," ते म्हणाले. "आता तुमी जावा घरी. परकी बाई बसलेली बघून तिला राग येईल."

मीनाबाई उठल्या. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग पदर सारखा करून, एरवी बाजारातून येत तशा चपला वाजवत त्या आत आल्या.

"आले बघा मी."

धर्मपालांनी आशेने दाराकडे पाहिले. पाहता पाहता चेहरा उतरला.

"मीनाबाई," ते म्हणाले, "वाटंत भेटली का ती?"