नाही म्हणायची रीत

होरैनला भीती एकाच गोष्टीची होती, ओल्या मातीची. मरायला टेकला तेव्हा त्यानं मेहुण्याला, वाओला, जवळ बोलावलं. "मला खाली गार जागी टाकू देऊ नका. तुमच्या पोटात उबेला राहीन."

आमच्यात रक्ताची माणसं मयताला खात नाहीत. ते काम सोयऱ्यांचं. नदीवरून लांबचे पाहुणे पोचेपर्यंत मांस विटलेलं असतं, तरी गिळायचं. त्यात चव कसली, मान असतो. अन् मान घ्यायचा तर आधी नाही म्हणायचं. पहिल्याच विनवणीला पुढं सरकला तो हावरट. वाओ तर आढेवेढ्यांत पटाईत. माझ्या सासूच्या वेळी त्यानं इतकं ताणलं की आम्हाला रडता रडता हसू फुटलं.

होरैन गेला तोवर ब्राझीलवाल्यांच्या औषधांबरोबर, मयत पुरलंच पाहिजे म्हणणारा पाद्रीही आमच्या काठावर येऊन राहिला होता. होरैनचा मुलगा त्याच्याच शाळेत वाढला. नाव बदलून अब्राओ झालेला.

होरैनच्या बायकोनं, तोपानं, रडत रडत आपल्या भावापुढं मांस उचलायच्या बारीक काड्या ठेवल्या.

"दादा, घ्या ना."

"छे गं, मी कोण? दुसरं कुणी बघ."

"तुमच्याशिवाय कोण आहे त्यांना?"

"नको म्हणतो ना. पोट बरं नाही माझं." वाओ पाठ फिरवून बसला. कान मात्र आमच्याकडेच.

अब्राओ पाद्र्याला म्हणाला, "ऐकलंत? मामालाही नकोय."

"अरे गाढवा, ते नको नव्हे! तू विचार आता!" तोपा ओरडली.

"आई, माणूस दोनदा नाही म्हणाला. अजून कसं सांगायचं असतं?"

पाद्र्याचा चेहरा उजळला. फावडी त्यानं आधीच आणून ठेवली होती.

वाओ अर्धवट उठला. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. त्यानं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं आणि खाली बसला.

खड्ड्याच्या तळाला पाणी लागलं. होरैनला त्यातच ठेवला.

"दुसऱ्याच विनवणीला उठलो असतो, तर लोक काय म्हणाले असते?" वाओ पुटपुटला. "तो काय दोन विनवण्यांचा माणूस होता?"

तोपानं काड्या गोळा केल्या. "आता स्वतःचं बघा, दादा. फावडी ते इथंच ठेवणार आहेत."