शाबूत कुलूप आणि एका बाहीचा कोट

विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावरून माझी बॅग आली तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं. बॅग कुशीतून उभी फाडलेली, वर तपासणीवाल्यांची पिवळी चिकटपट्टी. फाडताना आतल्या कोटाची डावी बाहीही गेली होती. दुसऱ्या दिवशी दहाला नोकरीची मुलाखत, आणि जगात माझा कोट एकच.

याला जबाबदार बाबा. ते कुलपं बनवतात. मी बाजारातलं मंजुरीवालं कुलूप आणलं होतं, ज्याची एक किल्ली तपासणीवाल्यांकडेही असते. बाबांनी ते मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरलं. "परक्याकडे किल्ली असेल तर ते कुलूप नाही, दागिना." मग स्वतःच्या हातचं, अर्ध्या किलोचं लावलं.

बाहेरच्या दालनात तक्रारीची खिडकी होती. आतल्या बाईंनी विचारलं, "कुलूप तुटलंय?"

"नाही. बॅग फाडलीय."

"कुलूप तुटेना म्हणून फाडली. अर्जात मात्र रकाना कुलपाचाच आहे. ते तुटलं तरच बदली कपडे."

"मग मी काय करू?"

"तोडा. मी बघितलं नाही."

किल्ली खिशात होती, पण अर्जात 'उघडलं' चालत नव्हतं. मी कुलूप खांबावर अकरा वेळा आपटलं. खांबाचा पोपडा उडाला. कुलपावर ओरखडाही नाही. माझं डोकं असं सणकलं की तिथूनच बाबांना फोन लावला.

"बाबा, हे तुटतं कसं?"

"कोण विचारतंय?"

"मी. तुमचा मुलगा."

"आज तुला सांगितलं, उद्या तू कोणाला सांगशील."

"माझ्या कोटाला एकच बाही उरलीय."

"पण त्यांना उघडलं नाही ना?" मी पास झालो तेव्हाही या माणसाचा आवाज इतका आनंदी नव्हता.

मुलाखतीत तिघंही माझ्या डाव्या हाताशीच बोलत राहिले. नोकरी माझ्या नंतरच्याला मिळाली. त्याला दोन बाह्या होत्या, मी दारातच मोजल्या.

तडक विमानतळावर गेलो. खिडकीची जाळी जेवणाच्या सुट्टीसाठी खाली ओढलेली, बाई आत डबा खात होत्या. मी जाळीच्या कडीत कुलूप अडकवलं आणि दाबलं. आवाज फार छान आला. बाबांचं काम म्हणजे काम, हे मलाही मान्य करावं लागलं, आणि त्याने मी आणखीच चिडलो.

"अहो, हे काय?" बाई म्हणाल्या.

"तोडा," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."