बिनमातीची बावीस मुलं

शाळेत तिला सगळे मातीबाई म्हणत. मुलं तोंडावर म्हणत, शिक्षक पाठीमागे, आणि तिला दोन्हीचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं ती पाचवीच्या मुलांना मातीकाम शिकवत होती. तळमजल्यावरची शेवटची खोली तिची. दोन लांब टेबलं, ओल्या गोणपाटाखाली झाकलेली माती, कोपऱ्यात विजेची भट्टी आणि हात धुवायला एकच नळ. पहिला महिनाभर मुलांनी नुसती माती मळायची, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये, हा तिचा नियम. बुडबुडा राहिला की भट्टीत आपलं भांडं फुटतं आणि शेजारच्याचंही फोडतं. कुणी कुरकुर केलीच तर ती म्हणायची, "हात काही झिजत नाहीत, मळ गुमान."

संस्थेच्या चिटणीसांच्या डोळ्यांत ही खोली दोन वर्षं खुपत होती. त्यांना तिथे संगणक मांडायचे होते. "बाई, मातीनं मुलांचं होतं काय नक्की? कागदावर दाखवा की," असं ते येता-जाता म्हणत. कागद म्हटलं की मातीबाईच्या कपाळाला आठी पडायची. आणि नेमका तो कागद तयार करायला यावं कुणी? तिच्या सख्ख्या भावजयीनं!

ही भावजय म्हणजे धाकट्या भावाची बायको. कलाशिक्षणावर विद्यापीठात चार वर्षं प्रबंध लिहीत होती. मातीबाईनं तिचं नाव टिपणबाई ठेवलं होतं, कारण जेवतानाही तिच्या ताटाशेजारी वही असायची. दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. एकाच घरात वरच्या मजल्यावर नणंद, खाली भाऊ-भावजय. जिन्यात गाठ पडली की एक भिंतीकडे बघायची, दुसरी घड्याळाकडे. भाऊ बिचारा वर जाऊन बोलणी खायचा आणि खाली येऊन पुन्हा खायचा.

मातीकामानं मुलांची कल्पकता वाढते की नाही, हे टिपणबाईला तपासायचं होतं. चिटणीसांनी परवानगी दिली ती एका अटीवर. निष्कर्ष संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवायचा, आणि खोलीचं काय करायचं ते त्यावरून ठरणार. झालं! मातीबाईची एकोणीस वर्षं भावजयीच्या वहीत जाऊन बसली.

पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. टिपणबाई खोलीत आली, स्टुलावर रुमाल पसरून बसली आणि म्हणाली, "ताई, वर्गात चव्वेचाळीस मुलं आहेत. चिठ्ठ्या टाकून दोन भाग करायचे. बावीस मुलं माती करतील. उरलेली बावीस त्या तासाला ग्रंथालयात बसतील. त्यांना नियंत्रित गट म्हणतात."

"नियंत्रित म्हणजे?"

"ज्यांना माती मिळणार नाही."

"मग सरळ उपाशी गट म्हण की! एवढं शिकलीस, साधा शब्द सापडला नाही तुला?"

"ताई, तुलनेला कुणीतरी लागतं. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे."

"पाचवीतलं वर्ष पोरांना परत मिळतं होय गं? का तेही तुझं विद्यापीठ देतं?"

टिपणबाईनं वहीत काहीतरी लिहिलं. मातीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्या नावामागे पदवी लागावी म्हणून बावीस पोरांनी पुस्तकं चाळत बसायचं, आणि मी बघत राहायचं? छे!

ती बघत राहिली नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिनं त्या बावीस मुलांना बोलावलं. शाळा सुटल्यावर, मागच्या व्हरांड्यात, आठवड्यातून दोनदा. टिपणबाई दुपारीच विद्यापीठात परत जायची, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. मुलांना तिनं दम भरला होता, "कुणाला सांगितलंत तर माती बंद." आणि मुलं अशी गुपितं बँकेपेक्षा चांगली सांभाळतात. निघताना ती प्रत्येकाची नखं तपासायची, कोपरापर्यंत हात धुवायला लावायची. सहा महिने त्या पोरांनी सगळं केलं. मळणं झालं, अंगठ्यानं दाबून वाट्या झाल्या, वळ्या लावून उंच भांडी झाली. उलट दमलेली असूनही ही पोरंच जास्त मन लावून करायची. तिला वाटे, बरी जिरवली. आणि असंही वाटे की परीक्षेत चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस पोरं चमकली तर खोलीचंच नाव होईल, यात कुणाचं काय बिघडणार आहे?

आता एवढी अनुभवी बाई, पण हा हिशेब तिच्या डोक्यात शिरलाच नाही. राग डोक्यात बसला की बाकी कशाला जागा उरत नाही, हेच खरं.

सहा महिन्यांनी चाचणी झाली. अर्धवट रेघांचा कागद द्यायचा, मुलांनी त्यातून चित्र पुरं करायचं. रिकाम्या डब्याचे सुचतील तेवढे उपयोग लिहायचे. कोणता कागद कोणत्या गटाचा हे न सांगता तीन चित्रकारांकडून गुण घेतले. मग बैठकीचा दिवस उजाडला.

बैठकीला चिटणीस होते, संस्थेची आणखी चार माणसं होती आणि टिपणबाईचे मार्गदर्शक सर होते. मातीबाई दाराजवळच्या खुर्चीत बसली. टिपणबाई वाचायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज जरा ओढलेला होता, पण मातीबाईला ती गुर्मी वाटली.

"दोन्ही गटांचे गुण वाढले," टिपणबाई म्हणाली. "पण सारखेच वाढले. माती केलेली मुलं आणि न केलेली मुलं यांच्यात फरक आढळला नाही. म्हणजे ही वाढ वयानुसार झाली असावी. मातीकामाचा परिणाम दिसत नाही."

चिटणीसांनी टेबलावर हलकेच थाप मारली. "बघा. आम्ही म्हणत होतो तेच संशोधनानं सांगितलं. आमचं काही वैर नव्हतं बाईंशी."

मातीबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या लक्षात आलं. सगळं एकदम लक्षात आलं. फरक दिसणार कुठून? बावीसांना तासाला दिली, बावीसांना व्हरांड्यात दिली! गप्प बसावं तर खोली जाते. बोलावं तर आपणच चोर ठरतो. ती उठली ती ओरडतच.

"खोटं आहे हे!"

टिपणबाई गर्रकन वळली. डोळे लाल झाले होते तिचे. "कुठे खोटं आहे ते सांगा ताई. आकडा दाखवा. सहा महिन्यांत एकदा तरी माझी वही बघितलीत का? नुसतं खोटं म्हणायला काय लागतं?"

"त्या बावीस पोरांनी माती केलीय."

"कुठल्या?"

"तुझ्या उपाशी गटानं. मी शिकवलं त्यांना. शाळा सुटल्यावर, मागच्या व्हरांड्यात, आठवड्यातून दोनदा."

मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "म्हणजे दोन्ही गट मातीचेच," ते म्हणाले. "बाई, मग आता आम्ही तुलना कशाशी करायची? तुमची मुलं मातीमुळे पुढे गेली असतील, नसतील. सांगायला कुणी उरलंच नाही."

"पण मी सांगतेय ना!"

"तुम्ही सांगून चालत असतं, तर हा सगळा खटाटोप कशाला केला असता?"

चिटणीस तर उखडलेच. संस्थेला फसवलं, लेखी माफी द्या, कुलूप लावा त्या खोलीला, अशी सरबत्ती सुरू झाली. शेवटी सरांनीच मधला रस्ता काढला. प्रयोग रद्द धरायचा. नव्या वर्षी नव्या पाचवीवर पुन्हा करायचा, या वेळी पूर्ण वर्षभर. तोवर खोली राहील. विद्यार्थिनीची एक वर्ष वाढवून घ्यायची तयारी असेल तर.

सगळ्यांनी टिपणबाईकडे बघितलं. तिची चार वर्षं आत्ता तिच्यासमोर मातीत गेली होती. "करीन," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे. माती न मिळणाऱ्या बावीस मुलांना दारातून परत पाठवायचं काम ताई करतील. दर तासाला, स्वतः. आणि मुलांना कारण सांगायचं नाही. कारण कळलं की मुलं वेगळं वागतात."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मातीबाईनं तिला गाठलं. "सूड घेतेस होय माझ्यावर?"

"हो, घेतेय," टिपणबाई दातओठ खात म्हणाली. "तुम्ही माझं काय केलंत ते कळतंय का तुम्हाला? आणि ती बावीस मुलं मी कुणासाठी बाजूला ठेवली होती? तुमच्यासाठीच! तीच सांगणार होती की मातीशिवाय काय होतं. तुमच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, ताई. त्यांचीच तोंडं बंद केलीत तुम्ही."

"तू मला वाचवणार होतीस?"

"तुम्हाला? तुम्ही तर मला डोळ्यांसमोर नको असता. खोली वाचवणार होते. खोली चांगली आहे."

ती ताडताड निघून गेली.

नवी पाचवी आली. चिठ्ठ्या निघाल्या. टिपणबाईनं बावीस नावांची यादी नणंदेच्या हातात ठेवली आणि आत स्टुलावर जाऊन बसली. मातीबाई दारात उभी राहिली. एकेक मूल यायचं, ती यादीत नाव बघायची आणि म्हणायची, "आत," किंवा म्हणायची, "ग्रंथालयात जा."

एक बुटकी, दोन वेण्यांची मुलगी घरूनच बाह्या वर करून आली होती. तिचा भाऊ आदल्या वर्षी व्हरांड्यातल्या मुलांत होता आणि त्यानं तिला घरी पिठाच्या गोळ्यावर मळायला शिकवलं होतं.

"ग्रंथालयात जा," मातीबाई म्हणाली.

"पण मला येतं, बाई! बुडबुडा राहत नाही माझ्या गोळ्यात. दाखवू?"

"जा म्हटलं ना."

"का?"

मातीबाईनं मागे बघितलं. टिपणबाई तिच्याकडेच बघत होती, पेन उघडून. कारण सांगायचं नाही. "का ते विचारायचं नाही," ती म्हणाली, आणि आवाज नको तेवढा कडक लागला. मुलीनं बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि गेली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. पाचव्या आठवड्यापासून आलीच नाही. सरळ ग्रंथालयाच्या जिन्याकडे वळायला लागली. मातीबाईचा जीव तुटायचा. कितीदा वाटलं, व्हरांड्यात हाक मारावी हिला एकटीला, कोण बघतंय? पण आता तिला कळत होतं काय होईल ते. ती दात आवळून वर्षभर दारात उभी राहिली. घरी दोघींत अवाक्षर नव्हतं. भाऊ एकदा म्हणाला, "तुम्ही दोघी भांडत होतात तेच बरं होतं," तर त्यालाच दोघींनी झाडलं.

या वेळी फरक दिसला. थोडाथोडका नाही, भरघोस. माती केलेली मुलं कितीतरी पुढे. बैठकीत मार्गदर्शक सर खूश, संस्थेची माणसं खूश, चिटणीसांनीसुद्धा नाइलाजानं मान डोलावली. खोली कायम झाली. टिपणबाईनं निकालाचा कागद नणंदेपुढे सरकवला. "घ्या, ताई. मिळाली तुमची खोली. आता मला परत कधी या शाळेत यायला सांगू नका."

मातीबाई कागद बघत राहिली. वरच्या ओळीतले आकडे मोठे, खालच्या ओळीतले छोटे. मोठ्या आकड्यांचा तिला काही आनंद झाला नाही. ते तिला एकोणीस वर्षं माहीतच होते. छोटे बावीस आकडे तिनं दर तासाला दारात उभं राहून केले होते. जेवढे ते छोटे, तेवढी खोली पक्की.

प्रयोग संपला होता, आता कुणाची बंदी नव्हती. वर्षाचा शेवटचा आठवडा होता. सहावीत मातीकाम नसतं. मातीबाई स्वतः जिना चढून ग्रंथालयात गेली, धापा टाकत. ती मुलगी खिडकीजवळ पुस्तक उघडून बसली होती.

"चल खाली," मातीबाई म्हणाली. "माती काढून ठेवलीय. आज तुला हवं ते कर. भट्टी पण लावते."

"नको, बाई."

"अगं, नको काय? चल की. तुला किती आवडायचं!"

"मला नाही जमत ते."

"तू केलंस कुठे अजून? जमत नाही कशावरून?"

मुलीनं पुस्तकातून वर बघितलं. रागावली नव्हती, रुसलीही नव्हती. बाईंना एवढं साधं कसं कळत नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

"जमत नाही म्हणूनच तर तुम्ही मला घेतलं नव्हतं ना," ती म्हणाली आणि पान उलटलं.