सहाव्याचा कोट

कोटाला इस्त्री करताना मला ती भोकं दिसली. उजव्या छातीवर, नावाची पट्टी लावतात तिथे. सुईच्या टोकाएवढी, दोन-दोनच्या जोडीने. मी पट्टी शेजारी धरून पाहिली. तिच्या मागच्या दोन टाचण्यांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक जोडीत. जोड्या पाच होत्या, आणि माझ्या नवऱ्याने ती पट्टी अजून एकदाही लावली नव्हती.

झोपलेल्या मुलीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणाऱ्या बायकांपैकी मी एक. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येते. नवरा म्हणतो, विमानाच्या तपासणीला तुलाच ठेवायला हवं. तेव्हा पाच जोड्या दिसल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. पण तो आंघोळीला गेला होता आणि चार वर्षांत पहिल्यांदा आतून गाणं ऐकू येत होतं. मी इस्त्री बाजूला ठेवली आणि तेवढ्यापुरती गप्प बसले.

चार वर्षांपूर्वी तो वैमानिक झाला. म्हणजे परवाना मिळाला, नोकरी नाही. तेव्हापासून कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावत होता. शेजारी त्याला 'कॅप्टन' म्हणायचे. आधी कौतुकाने, मग नुसतंच सवयीने. आणि मग छोट्या गावांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीचं पत्र आलं. 'आपली निवड झाली आहे, अभिनंदन.' अभिनंदनाच्या खालच्याच ओळीपासून पैशांची मागणी. त्यांचं सत्तर आसनी विमान शिकायचे पैसे वेगळे; ते आम्ही होतं नव्हतं ते मोडून भरले. नव्या गणवेशाचे वेगळे, तेही भरले. आता तिसरी रक्कम, सगळ्यात मोठी. मागे खरे प्रवासी बसवून, को-पायलटच्या खुर्चीत, पाचशे तास विमान चालवायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा नाही, उलट द्यायचा! त्यानंतर 'जागा रिकामी असल्यास' नोकरीचा विचार होणार.

मी अर्थशास्त्राची पदवीधर. मजुरीच्या प्रकरणात ही सोय वाचल्याचं मला आठवत नाही.

ही तिसरी रक्कम माझी आई देणार होती. आई कपडे शिवते. तिचं दुकान म्हणजे एक खोली, एक मशीन, एक उभा आरसा आणि बाबा गेल्यानंतरची सव्वीस वर्षं. त्याच खोलीवर तिने मला शिकवलं. आता ती खोली तिने विकायला काढली होती. गिऱ्हाईक ठरलं होतं, शुक्रवारी सही. "मशीन काय, तुमच्या बाल्कनीतही मावेल," असं ती म्हणाली होती, आणि बाल्कनी मोजायला टेप घेऊन आली होती. बाल्कनी दोन बोटं कमी पडली. त्यावर ती म्हणाली, "मी तिरकी बसेन."

मी मुलीला कडेवर घेतलं, कोट पिशवीत घातला आणि दुकान गाठलं.

"हा नवा म्हणून दिलाय?" आईने विचारलं.

"पैसे तरी नव्याचेच घेतलेत."

तिने कोट उलटा केला आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसा उजेडाकडे धरला. "पहिला उंच होता बघ. बाहीची दुमड इथे होती, रेघ दिसतेय. मग कुणीतरी बुटका. मग परत सोडलीय. एकजण डावरा असणार, हा कोपर घासलाय. बगलेतलं अस्तर घामाने गेलंय, ते मात्र सगळ्यांचं मिळून." चष्मा वर करून ती माझ्याकडे बघत राहिली. "पण कापड कुठेच कापलेलं नाही गं. नुसतं दुमडलंय आणि सोडलंय. भाड्याच्या कपड्याचं काम असतं हे. ज्याला कोट परत हवा असतो, तो असं करून घेतो."

दुसऱ्या दिवशी मुलीला आणि कोट घेऊन मी कंपनीच्या कचेरीत गेले. गणवेशाची खोली तळघरात होती. तिथला माणूस दोऱ्याने बांधलेला चष्मा लावून वहीत काही लिहीत होता.

"बाही लांब होतेय," मी म्हटलं. "बदलून मिळेल का?"

"आत दुमडून घ्या ना, ताई. कापू मात्र नका. पुढच्याला लागेल."

"पुढच्याला म्हणजे?"

"पाचशे तास म्हणजे किती, सहा-सात महिने. तेवढ्यासाठी नवा कोण शिवतंय?"

"आणि मग नोकरी लागली की?"

"नोकरी लागली की नवा मिळतो."

"असे किती नवे दिलेत तुम्ही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. चष्मा काढून शर्टाला पुसला. मग नुसती मान वर केली. सगळ्यात वरच्या फळीवर नव्या कोटांचा एक गठ्ठा होता. सुतळी सुटलेली नव्हती, आणि गाठीवर धूळ बसली होती.

"मला इथे येऊन तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "हा घालणाऱ्यांतला एक इथेच आहे. विमानतळावर, सामानाच्या काउंटरला. चांगला मुलगा."

मी तशीच चार जिने चढून वर गेले. मुलगी जड झाली होती, राग त्याहून जड. प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख बाईंनी मुलीला चॉकलेट दिलं. मी ते टेबलावर परत ठेवलं.

"गेल्या तीन वर्षांत किती जणांना पगारावर घेतलंत?"

"ती माहिती गोपनीय असते, मॅडम. आम्ही नोकरी देतो असं कुठेच लिहिलेलं नाही. आम्ही संधी देतो. फी काय, डॉक्टर होतानाही भरावी लागते."

"शिकताना फी असते, बाई. ती आम्ही दोनदा भरली. मागे सत्तर माणसं तिकीट काढून बसलेली असताना पुढे चालवणाऱ्यानेही तिकीट काढायचं? आणि त्याला ताप आला तर?"

"तर ते तास बुडतात. करारात आहे."

"म्हणजे ताप घेऊन तो चालवणार. पैसे भरलेत ना त्याने!"

"तुमच्या मिस्टरांना नको असेल तर सांगा," त्या शांतपणे म्हणाल्या. "रांगेत चाळीस जण आहेत."

मी कोट घेऊन घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चपला घालत होता. ऐकून तसाच खाली बसला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"काउंटरवरचा तो. भेटलोय मी त्याला. पण पाचशे तास तर चढतील ना कागदावर? मग दुसरी एखादी कंपनी..."

"दुसरीही हेच विचारेल, किती आणलेत! आणि माझ्या आईची खोली तू जाणूनबुजून..."

"मग मी काय करू?" तो ओरडला. मुलगी दचकून रडायला लागली. "जन्मभर खालून वर बघत पार्सलं लावू? चार वर्षं झाली गं! एकदा, फक्त एकदा मला त्या खुर्चीत..."

मला त्याचाही राग आला होता, पण तो टिकेना. आंघोळीच्या वेळचं ते गाणं मला आठवत होतं. कंपनीने किंमत लावली होती ती त्या गाण्याला. इतकी वर्षं तहानलेला माणूस पाण्याचा भाव विचारत नाही, हे त्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी आई आली. त्याने तिच्याकडे न बघताच पाणी आणून दिलं.

"आई, उद्याची सही करू नका," तो म्हणाला. "मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

आईने पाण्याचा घोट घेतला. "नोकरीचं पत्र आणा, जावईबापू, दुसऱ्या दिवशी खोली विकते. नुसत्या खुर्चीच्या भाड्यासाठी नाही विकणार. आणि पुन्हा कधी माझ्यापासून काही लपवलंत तर तुमच्या पँटचे पाय शिवून टाकीन." मग तिने ग्लास खाली ठेवला. "तो कोट आणा इकडे."

आईची एक जुनी पद्धत आहे. शिवलेल्या प्रत्येक कोटाच्या आतल्या खिशात ती कापडाची पट्टी टाचते. त्यावर गिऱ्हाइकाचं माप असतं. कोट कधी दुरुस्तीला आला, तर कोणत्याही शिंप्याला कळावं म्हणून. तिने पांढऱ्या कापडाचा तुकडा कापला, न पुसणारं पेन काढलं आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं.

"तुम्ही लिहा. तुमचंच अक्षर पाहिजे."

त्याने तुकडा हाताने सरळ केला. मग खाली वाकून लिहिलं: 'हा कोट घालणारा मी सहावा. आधीच्या पाचांपैकी कुणालाही इथे वैमानिकाची नोकरी लागली नाही. पाचशे तासांचे पैसे भरण्याआधी मला फोन कर.' खाली स्वतःचा नंबर. आईने पट्टी खिशाच्या तोंडाशीच टाचली. पेन ठेवायला हात घातला की बोटाला लागलीच पाहिजे, अशी.

पट्टी लावून झाल्यावर त्याने एकदा कोट चढवला. आमच्याकडे उभा आरसा नाही. खिडकीच्या काचेत बघितलं, बटणं लावली, परत काढली. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद आहे का ते बघितलं. बंदच होता.

सोमवारी मीच कोट परत करायला गेले. शिकायचे आणि गणवेशाचे पैसे परत मिळणार नव्हते, तेही करारात होतंच.

"कापला नाहीत ना?" तळघरातल्या माणसाने विचारलं.

"नाही. पुढच्याला लागेल."

सवयीने त्याने खिसे चाचपले. बाहेरचे दोन, मग आतला. तिथे त्याची बोटं थांबली. मी मुलीला घट्ट धरलं. पट्टी बाहेर काढून वाचली नाही त्याने, नुसती बोटाने चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्याने मान वर करून त्या सुतळीच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

मागच्या दांडीला इतर कोट होते. हा त्याने मागे नाही नेला. पुढे, दारासमोरच्या खुंटीला अडकवला.

"बुधवारी याच मापाचा एक येतोय," वही मिटत तो म्हणाला. "हाच देतो त्याला."