चाक आणि पत्र्याचा समेट

शटर वर गेलं आणि अंगणात जमलेली साठ-सत्तर माणसं माना पुढं काढून बघू लागली. आतून पांढरी गाडी हळूच बाहेर आली. पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, आणि चाकं मात्र मूळ चाकांहून दोन मापं मोठी. दोन तासांपूर्वी ती आत गेली तेव्हा लोकांनी कानांवर हात ठेवले होते. स्टिअरिंग वळवलं की टायर आतल्या बाजूला घासायचा, खड्डा आला की वरच्या पत्र्याला घासायचा, आणि जळक्या रबराचा वास सुटायचा. आता तिनं स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून एक गोल फेरी मारली, मग उलट्या बाजूनं दुसरी. फेरी जरा मोठी झाली, भिंतीशी उभ्या माणसांना अंग चोरावं लागलं, पण आवाज म्हणून आला नाही.

"घासतंय का?" समेटबाबांनी विचारलं.

"नाही," सगळे म्हणाले.

"मी काही केलं का? काही केलं नाही. मी फक्त बोललो. चाक म्हणतं, मी मोठं झालो, मला जागा द्या. पत्रा म्हणतो, मी खाली वाकलो, मला मान द्या. दोघांचंही खरं. मी चाकावर हात ठेवतो, पत्र्यावर हात ठेवतो आणि सांगतो, एका घरात राहायचंय, जरा सांभाळून घ्या. इथं पाना लागत नाही, माप लागत नाही. हात लागतो."

या समेटबाबांना चार वर्षांपूर्वी लोक पंक्चरवाले म्हणत. त्यांनी लावलेल्या तीन ठिगळांतलं एक हमखास गळायचं. मग एके दिवशी त्यांच्या हाताला गुण आला. आत काय चालतं ते मात्र कुणाला दिसत नसे. समेट चारचौघांत होत नाही, गाडीला एकांत लागतो, असं सांगून ते शटर ओढून घेत. दृष्टीआड सृष्टी. त्या सृष्टीतून दोन तास हातोड्याचे आवाज येत, आणि ते भांडणाचे आवाज आहेत अशी लोक स्वतःच समजूत घालून घेत.

गर्दीत ताई उभी होती. ताई गेली वीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होती. शिकाऊ मंडळी तिला पाठीमागं ब्रेकबाई म्हणत, कारण तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता आणि जिभेखालीही. पांढरी गाडी तिच्या धाकट्या भावाची होती. त्याच्या आयुष्यातली पहिली गाडी. तो डोळे पुसत होता, आणि ताईला त्याचं हसूही येत होतं आणि कीवही.

समेटबाबांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवून वर स्वतःचा हात ठेवला. "महिनाभर गाडीखाली कुणाला डोकावू द्यायचं नाही. अविश्वास झाला की समेट मोडतो. परक्याचा झाला तर हळूहळू, घरच्याचा झाला तर लगेच."

भावानं मान डोलावली. ताईला तिथंच शंका आली. जी गोष्ट बघितल्यानं बिघडते, ती आधीच बिघडलेली असते, हे तिला शिकवणीच्या धंद्यानं शिकवलं होतं.

परतताना भावानं मोठ्या मानानं गाडी तिच्या हातात दिली. ताईच्या गल्लीच्या टोकाला एक जागा होती. तिथं तिचे शिकाऊ एका दमात गाडी उलट फिरवत. ताईची शिकवणीची गाडी याच जातीची, मूळ चाकांची. भावाची गाडी तिथं फिरेना. अर्ध्यात स्टिअरिंग अडलं, मागं घ्यावी लागली, पुन्हा पुढं, पुन्हा मागं.

ताईनं गाडी थांबवली आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. पहिल्या दिवशी प्रत्येक शिकाऊकडून ती हेच करून घ्यायची, फेरे मोठ्यानं मोजत.

"सव्वादोन," ती म्हणाली. "माझ्या गाडीचे सव्वातीन भरतात. तुझा एक फेरा कुठं गेला?"

"समेट झाल्यावर गाडी गरजेपुरतंच वळते, असं बाबा म्हणाले," भाऊ म्हणाला. "हावरेपणा जातो तिचा."

"गाडी हावरी होती?"

"ताई, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे."

"आणि ही आदळते किती. खड्ड्यात दाबलीच जात नाही. माझे दात वाजले."

"खंबीर झालीय."

ताईनं कपाळावर हात मारला नाही एवढंच. रविवारी भाऊ याच गाडीतून बायकोला आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन घाटातून सासुरवाडीला निघणार होता. घाटातलं तिसरं वळण ताईला पाठ होतं. तिथं सव्वातीन फेऱ्यांची गाडीसुद्धा जेमतेम वळायची. सव्वादोन फेऱ्यांची वळणार नव्हती, आणि हे सांगायला कुणाच्या हाताला गुण असण्याची गरज नव्हती.

मधल्या चार दिवसांत तिनं काय करायचं ठेवलं? गाडीखाली बघू दे म्हणाली, तर भावानं गाडीला कुलूप घातलं. मोठ्या चाकांची हौस आहे ना, मग नीट बसवून घे, स्प्रिंग थोडी वर घे, चाक एका मापानं लहान घे, असं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती अंगणात गेली आणि भरल्या गर्दीत म्हणाली, "पुढचा समेट शटर उघडं ठेवून करा."

समेटबाबा रागावले नाहीत. अशी माणसं रागावत नाहीत, त्यांना परवडत नाही. "बाई, तुम्ही थांबायला शिकवता, मी विश्वास ठेवायला शिकवतो. ज्याचा त्याचा धंदा."

गर्दी पोट धरून हसली. त्यात भाऊही होता. वीस वर्षं लोकांना रस्त्यावर जिवंत ठेवायचं काम करणारी बाई त्या अंगणातून खाली मान घालून बाहेर आली, आणि तिला रडू आलं.

उरली भावजय. ताईनं तिला एकटीला गाठलं.

"ताई, मलाही भीती वाटते," भावजय म्हणाली. "पण काही बोललं की ते दोन-दोन दिवस जेवत नाहीत."

"त्याला बोलू नकोस. पोरीला आदळून मळमळतंय म्हण, आणि दोघी माझ्या गाडीत बसा. मी मागून येते."

तसं ठरलं. रविवारी निघताना भावाचं तोंड पडलं, पण पोरीच्या मळमळीपुढं कुणाचं चालतं? तो एकटाच पुढं गेला. मागं ताईची गाडी, शेजारी भावजय, मागच्या सीटवर भाची.

पहिलं वळण त्यानं रुंद घेतलं. दुसऱ्याला चाक पलीकडच्या पट्ट्यावर गेलं. ताई हॉर्न वाजवत राहिली. त्यानं खिडकीतून हात काढून हलवला.

तिसऱ्या वळणावर वरून बस येत होती. भावाची गाडी वळायला लागली आणि अर्ध्यातच तिचं वळणं संपलं. ताईला मागून त्याचे दोन्ही हात दिसत होते. स्टिअरिंग टोकाला नेऊन तो ते आणखी ओढत होता. गाडी तोंड वर करून सरळ बसच्या वाटेत चालली होती. वीस वर्षांच्या सवयीनं ताईचा पाय ब्रेकवर गेला आणि तिनं तो जीव खाऊन दाबला. थांबली ती ताईची गाडी. भावाची कशी थांबणार?

बसच्या ड्रायव्हरनं शिकस्त केली म्हणून बस जवळजवळ उभी राहिली होती. तरी तिचा कोपरा गाडीच्या डाव्या अंगात शिरला. भाऊ स्वतःच्या पायांनी बाहेर आला, खांदा धरून. त्याचा हात खांद्यातून निखळला होता. शेजारच्या सीटचं दार मात्र हातभर आत आलं होतं. रिकामी सीट दुमडून गेली होती.

कुणीतरी त्याचा हात फडक्यानं बांधला. तो कठड्यावर बसला, भाची त्याला बिलगली. ताई बसच्या ड्रायव्हरला म्हणाली, "जॅक लावा. आता मला कुणी अडवू नका."

उजवं चाक उचललं गेलं. बसमधले पंधरा-वीस लोक भोवती जमले. ताई गाडीखाली सरकली आणि आधी स्प्रिंगकडे बोट दाखवलं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये काळ्या रबराचे जाड ठोकळे हातोड्यानं ठोकून बसवलेले होते.

"बघा. मधे ठोकळे घातले की स्प्रिंग दाबली जात नाही. गाडी खाली बसत नाही, म्हणून पत्रा चाकाला लागत नाही. पण मग खड्ड्यात चाक रस्ता सोडून उडतं."

मग तिनं स्टिअरिंगच्या दांड्यावरचा रबरी मोजा मागं सारला. आत प्लास्टिकची एक जाड कडी बसवलेली होती. तिनं ती उपसून काढली.

"आणि हा माझ्या भावाचा हरवलेला फेरा. दांडा सरकत येतो आणि या कडीवर अडतो. चाक पूर्ण वळतच नाही, म्हणून आत घासायच्या जागेपर्यंत पोचत नाही. समेट नाही, मंत्र नाही. चार ठोकळे आणि दोन कड्या."

"म्हणजे खोकला बरा केला नाही, नुसतं तोंड दाबून धरलं," बसचा ड्रायव्हर म्हणाला.

लोकांनी कडी हातोहात फिरवून पाहिली. एक म्हातारा म्हणाला, हे शेंबडं पोरही ओळखेल. ताईला चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. ती भावाजवळ गेली, कडी त्याच्या चांगल्या हातात ठेवली.

त्यानं कडी उलटसुलट करून पाहिली. अंगठ्यानं तिची कड चाचपली. मग त्यानं मान वर केली आणि बायकोला विचारलं, "तू तिच्या गाडीत का बसलीस?"

"पोरीला मळमळत होतं."

"खरं सांग."

भावजयीनं पदर सारखा केला.

"घरच्याचा अविश्वास लगेच लागतो, असं बाबा म्हणाले होते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दुखावलेपण होतं, आणि तेच वाईट होतं.

भावजयीनं दुमडलेल्या सीटकडे पाहिलं. मग त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरले. "चुकलं माझं," ती म्हणाली.

ताईला वाटलं, ओरडावं, हिला खांद्याला धरून त्या सीटसमोर उभं करावं. ठोकळे काढता येतात, कडी उपसता येते. पण मेलेली नाही म्हणून नवऱ्याची माफी मागणाऱ्या बाईला कोणत्या पान्यानं सोडवायचं, हे ताईला माहीत नव्हतं.

भावानं कडी खिशात घातली आणि गाडी दुरुस्त झाल्यावर तीच कडी समेटबाबांना नेऊन दिली. अंगणात आता सांगतात, बस अंगावर आली तरी बाबांच्या हातामुळं माणूस वाचला. गर्दी पूर्वीपेक्षा वाढली आहे. ताईनं कडीचं चित्र काढून दाखवलं, तर लोक म्हणतात, हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुझा भाऊ जिवंत आहे ना?

म्हणून हे इतकं सविस्तर सांगितलं. मोठी चाकं हवीत, गाडी खाली हवी, तर खुशाल करा, हौसेला मोल नाही. पण आधी चाकाचं आणि आतल्या जागेचं माप घ्या. काम डोळ्यांसमोर करून घ्या. घरची चार माणसं बसवा, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, फेरे मोजा आणि पूर्वीइतके भरतात का बघा. घासलं तर चाक लहान घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि बघू नका, विचारू नका, असं कुणी म्हणालं, तर किल्ली घेऊन सरळ घरी या. सख्ख्या भावानं ताईचं ऐकलं नाही. तुमचं तिच्याशी नातं नाही, निदान तुम्ही तरी ऐका.