एकाच शिंगाची शेळी

मित्रांनो, जवळ या, पण जरा डाव्या बाजूने या. उजवीकडून माझं डोकं बघण्यासारखं नाही. मी एका सुताराच्या घरची म्हातारी शेळी आहे आणि मला एकच शिंग आहे. दुसऱ्याच्या जागी वाटीसारखा खळगा आहे. त्यावर धड केसही उगवले नाहीत. पाहुणे आले की मी आपोआप भिंतीकडे तोंड करते. इतकी वर्षं झाली, तरी ही खोड गेली नाही.

माझा जन्म याच गोठ्यात झाला. पुढे सुताराची कामाची शेड, मागे परसात आम्ही शेळ्या. मधल्या दारातून लाकडाचा भुसा उडत यायचा आणि आमच्या चाऱ्यावर बसायचा. सुतार मोठा कसबी माणूस. त्याने रंधा मारलेल्या फळीवरून माशीसुद्धा घसरेल, असं त्याची बायको म्हणायची. आमचं दूध ती काढायची. तिच्या बोटांना घाई ठाऊक नव्हती. त्यांची मुलगी चणीने एवढीशी, म्हणून तिला सगळे टिल्ली म्हणत.

मी करडू असताना माझ्या कपाळावर दोन टेंगळं आली. टिल्लीला त्यांची फार गंमत वाटली. ती दोन्ही तळहात माझ्या कपाळाला लावायची, "चल, दे टक्कर!" म्हणायची आणि मला मागे रेटायची. मीही तिला रेटायचे. ती भुशात बसकण मारायची आणि खिदळत उठायची. हा आमचा रोजचा खेळ होता. तो आम्ही परसाच्या कोपऱ्यात खेळायचो, त्यामुळे मोठ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पुढे टेंगळांची शिंगं झाली. बुंध्याला जाड, मागे वळलेली, टोकाला निमुळती. सुतार कधीकधी त्यांवरून अंगठा फिरवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा बाक बघा. मला हत्यारं घेऊन जमत नाही, हिला बसल्या जागी जमलाय." मग मी मान आणखी ताठ करायचे. गव्हाणीवर पहिला घास माझा असायचा. बाकीच्या शेळ्या मी एकदा वळून पाहिलं की बाजूला व्हायच्या.

त्रासही होताच, नाही कसं म्हणू? कुंपणापलीकडचा पाला दिसला की मी जाळीतून डोकं घालायचे. आत जाताना डोकं जायचं, बाहेर येताना शिंगं अडायची. मग मी गळा काढायचे आणि सुतार हातातलं काम टाकून धावत यायचा. "शिकली का अक्कल?" तो विचारायचा. मी नव्हते शिकले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच असायचे.

एके सकाळी टिल्ली कोंड्याची बादली घेऊन आली आणि माझ्यासमोर वाकली. तिचा चेहरा माझ्या कपाळासमोर आला. मला वाटलं, खेळायचं आहे. मी नेहमीसारखी टक्कर दिली. फरक एवढाच की आता मी करडू राहिले नव्हते. टक्कर देताना मान तिरकी झाली आणि माझ्या शिंगाचं टोक तिच्या भुवईत घुसलं. कोंडा सांडला, रक्त आलं, आणि तिची किंकाळी ऐकून दोघं धावत आली.

जखमेला टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. संध्याकाळी सुताराने लेकीला मांडीवर घेऊन विचारलं, "तू तिला काही केलं होतंस का?"

टिल्लीने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"काही नाही, बाबा. उगाच मारलं तिने."

मी तिला दोष देत नाही. ती घाबरली होती. पण त्या एका वाक्याने मी मारकी ठरले.

सुताराने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. "हिची शिंगं काढून टाका," तो म्हणाला.

बाईंनी माझं शिंग हातात धरलं. "मिस्त्री, ही काय नखं आहेत? आत जिवंत हाड आहे, रक्त वाहतंय. बुंधा आतून पोकळ असतो आणि ती पोकळी थेट कपाळात उघडते. करडू काही दिवसांचं असताना जागा बधिर करून कोंब डागता येतात. वाढलेल्या शेळीचं हे काम साधं नाही. टोकांना रबर बसवा, गव्हाण उंच करा, पोरीला लांब ठेवा."

त्या गेल्यावर बायकोही म्हणाली, "अहो, बाईंचं ऐका."

"त्यांच्या पोरीचा डोळा जात नव्हता," सुतार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला शेडमधल्या खांबाला आवळून बांधलं. बायकोला म्हणाला, "डोकं धर." ती म्हणाली, "मी नाही धरणार," आणि पदराने तोंड दाबून आत गेली. त्याने बारीक दात्यांची करवत घेतली. सुरुवातीला नुसतंच करकरलं. मग करवत आत उतरली. मित्रांनो, त्या दुखण्याला माझ्याकडे शब्द नाही. रक्ताची चिळकांडी त्याच्या चेहऱ्यावर उडाली. आयुष्यभर लाकूड कापलेला तो माणूस, त्याला रक्त येणारी वस्तू कापायची सवय नव्हती. पण तोवर शिंग लोंबत होतं. थांबून उपयोग नव्हता. ते खाली पडलं तेव्हा त्याच्या हातून करवतही पडली. दुसऱ्या शिंगाला त्याने हात लावला नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, आणि सुताराला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

माझं डोकं एका बाजूला कलू लागलं. पट्टीवर माश्या घोंगावत. गव्हाणीवर माझ्याहून धाकट्या शेळ्या मला ढुसण्या देऊन मागे सारत, आणि मी उरलंसुरलं खाई. गिऱ्हाईक विचारी, "हिचं एक शिंग कुठे गेलं?" सुतार खाली बघून म्हणे, "कुंपणात अडकून मोडलं." हे ऐकताना मला माझ्यापेक्षा त्याचीच जास्त लाज वाटे. टिल्ली तर गोठ्यात यायचीच बंद झाली. चाऱ्याची पेंढी दारातून भिरकवायची आणि पळून जायची.

नंतर मला दोन करडं झाली. त्यांच्या कपाळावर टेंगळं दिसू लागली तशी घरात पुन्हा चर्चा सुरू झाली. या वेळी सुताराने डॉक्टरीणबाईंना आधीच बोलावलं.

"आत्ता वय आहे," त्या म्हणाल्या. "बधिर करून डागते. पण बाकीच्या शेळ्यांना शिंगं आणि यांना नाही, म्हणजे यांचे हाल. विचार करून सांगा."

"आई मारकी," सुतार म्हणाला. "पोरंही तशीच निघायची. डागा."

डागणी तापायला ठेवली. तेवढ्यात टिल्ली दारातून आत आली आणि दोन्ही करडांना कवेत घेऊन भुशात बसली.

"ती मारकी नाहीये," ती म्हणाली. "मीच तिला टक्कर द्यायला शिकवलं. रोज. त्या दिवशी तिला वाटलं मी खेळतेय. मी खोटं बोलले, बाबा."

डॉक्टरीणबाईंनी डागणी विस्तवातून काढून बाजूला ठेवली. सुतार लेकीला रागावेल असं मला वाटलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "तू लहान होतीस. मला तर बाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडला.

करडांची शिंगं राहिली. सुताराने गव्हाण उंच केली, तिच्यात एकेका शेळीपुरते कप्पे केले आणि कुंपणाला बारीक जाळी ठोकली. करडांच्या कपाळाला हात लावायची घरात सगळ्यांना बंदी झाली.

मित्रांनो, करडाला टक्कर शिकवू नका. तुम्ही खेळ विसराल, ते विसरणार नाही. आणि एखाद्या मुक्या जिवाबद्दल घरात काही ठरत असेल आणि त्यातलं खरं तुम्हालाच ठाऊक असेल, तर कितीही लाज वाटली तरी तेव्हाच बोला. टिल्ली बोलली. माझी पोरं आज तिच्यामुळेच दोन-दोन शिंगं मिरवत हिंडतात. गुणाची पोर आहे ती. फक्त एक शिंग उशिरा बोलली.